आजीने लिहिलेले युद्ध

मराठीतील युद्धसाहित्याचा विषय निघाला की चर्चा फार लवकर दोन मुक्कामांवर येऊन थांबते. एक मुक्काम बखरींचा आणि दुसरा १९६२ नंतरच्या सीमेवरील कथा-कादंबऱ्यांचा. मधला काळ आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ कोरा आहे. याच काळात इथल्या गावोगावची माणसे इंग्रज सरकारच्या पलटणींत भरती होऊन मेसोपोटेमियापासून एरिट्रिया-इटलीपर्यंत लढून आली, आणि पुष्कळशी आलीच नाहीत. विश्राम बेडेकरांच्या कादंबरीचे नाव 'रणांगण' (१९३९) आहे खरे, पण तिच्यात सैनिक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर पूर्वेकडे निघालेल्या जहाजावरचा चक्रधर आणि हॅर्टा यांचा तो दाह आहे. कादंबरी थोरच आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु 'मराठीत महायुद्ध कुठे आले?' या प्रश्नाला वर्षानुवर्षे 'रणांगण' हे एकच उत्तर देऊन आम्ही मराठीचे शिक्षक मोकळे होतो, आणि त्या उत्तराखाली एक दुसरा प्रश्न बुजून जातो. पलटणीत गेलेल्या माणसाच्या घरात युद्ध कसे आले, हा तो प्रश्न.

यावर ठरलेले उत्तर असे की, शिपाई निरक्षर होते, मग लिहिणार कोण? हे उत्तर अर्धेच खरे आहे असे माझे मत आहे. युद्धाचा वृत्तान्त लढणाऱ्यानेच लिहायला हवा, हे गृहीत त्यात दडलेले आहे. वस्तुतः वसाहतीच्या सैन्यातील शिपायाचे युद्ध दोन ठिकाणी चालत होते. एक खंदकात आणि दुसरे त्याच्या घरी. घरच्या युद्धाला लेखक मिळाला तर काय घडते याचे एक विलक्षण उदाहरण आपल्या शेजारच्या भाषेत आहे, आणि त्याचा आपल्याशी संबंध वरवर वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

१९२८ साली कलकत्त्यात 'कल्याण-प्रदीप' नावाचे एक जाडजूड बंगाली पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखिका मोक्षदा देवी. वय ऐंशीच्या घरात. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांची ही बहीण. १८७० च्या सुमारास स्त्रियांसाठी नियतकालिक चालवलेली, कविता लिहिणारी बाई. पुस्तकाचा विषय तिचा नातू, कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. हा डॉक्टर होता, इंग्लंडात शिकून इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेला. १९१५ साली मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर त्याची रवानगी झाली. शैबा, नासिरिया, कूत, टेसिफॉन असा त्याचा प्रवास झाला. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत-अल-अमारा पडले तेव्हा तो तुर्कांचा युद्धकैदी झाला आणि मार्च १९१७ मध्ये रास-अल-ऐन येथे बंदिवासातच मरण पावला. त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला होता.

नातवाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी आजीने हे पुस्तक सिद्ध केले. त्यात नातवाची पत्रे आहेत. त्या पत्रांभोवती तिने मोहिमेचा सगळा इतिहास रचला आहे, कुठली तुकडी कुठे गेली, नदी कुठे ओलांडली, कुठे अडकली. बगदाद कधीही न पाहिलेल्या एका वृद्धेने तैग्रिसचा काठ अक्षरशः नातवाच्या पावलांनी मोजला आहे. शोकाचा हा प्रकार मला फार विचार करायला लावतो. आपल्या परंपरेत शोक म्हणजे विलाप. सूर लावायचा आणि मोकळे व्हायचे. इथे शोकाने संदर्भ गोळा केले, तारखा लावल्या, नकाशा समजून घेतला. ज्या सरकारने नातू नेला त्या सरकारच्या इतिहासापेक्षा हा इतिहास वेगळा असणे अपरिहार्यच होते, कारण त्याच्या मध्यभागी सेनापती नाही.

बंगालबाहेर या पुस्तकाची ओळख अलीकडचीच. अमिताव घोष यांनी २०१२ च्या सुमारास त्यावर लिहिले, आणि पुढे शांतनु दास यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात त्याचा सविस्तर परामर्श घेतला. दोघांनीही ज्या पत्राकडे विशेष लक्ष वेधले ते ऑक्टोबर १९१५ मधील आहे. कूतची पहिली लढाई जिंकून फौज बगदादच्या दिशेने निघाली होती, सगळीकडे विजयाची हवा होती, आणि हा डॉक्टर आईला लिहीत होता की हा सारा रक्तपात देशभक्तीच्या नावाने शिकवलेल्या एका संकुचित वृत्तीचा आहे. दुसऱ्याची भूमी हिसकावणे म्हणजे राष्ट्राभिमान, हा धडा इंग्रजांनीच जगाला घालून दिला, असा त्याचा आशय. रवींद्रनाथांची राष्ट्रवादावरील व्याख्याने १९१६ मधली. म्हणजे हे पत्र त्यांच्या आधीचे. तरीही मला इथे कोण आधी आणि कोण नंतर ही शर्यत लावायची नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, हे विचार मांडणारा माणूस त्याच फौजेच्या गणवेशात होता, तिच्या जखमींना मलमपट्टी करत होता, आणि पुढे तिचेच पदक त्याला मिळाले. आजीने पत्रही छापले आणि पदकही लपवले नाही. इतिहासकाराला इथे विसंगती दिसेल आणि तो ती सोडवू पाहील. घराला ती सोडवण्याची गरज वाटत नाही. घरात एकाच फडताळात पदक आणि ते पत्र राहू शकते. वसाहतीच्या सैन्यातील माणसाविषयीचे सत्य त्या फडताळात आहे असे मला वाटते.

याच वेढ्यातून दुसरेही एक बंगाली पुस्तक आले, शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभी ले बगदाद'. हे बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमधले स्वयंसेवक. कैदेत ठेवलेली रोजनिशी पाने फाडून बुटात लपवून त्यांनी वाचवली, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस, म्हातारपणी, सुनेच्या मदतीने तिचे पुस्तक केले. तिथे आजी, इथे सून. पुरुष युद्धावर गेला आणि युद्ध ग्रंथरूपाने टिकले ते घरातल्या बाईमुळे, हा दोन्ही ठिकाणचा योगायोग नाही.

आता आपल्याकडे येऊ. कूतमध्ये जी फौज अडकली तिचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ च्या सुरुवातीपासून १४७ दिवस वेढा चालला. वेढा फोडण्यासाठी आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मेले वा जखमी झाले, तरी तो फुटला नाही. शेवटी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यात बहुसंख्य हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी. सेनापती टाउनशेंड याला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवले. शिपायांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेण्यात आले. किती तरी वाटेतच पडले, किती तरी रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर. कल्याण मुखर्जी ज्या गावी मेला त्या गावाच्या आसपास सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसेही मेली असणार. डॉक्टरच्या आजीचे पुस्तक आज आपल्यासमोर आहे. त्याच्या रुग्णांच्या आज्यांचे नाही.

वेढ्यातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा, कारण घर खंदकात कसे हजर असते हे त्यातून कळते. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, पण हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा मागवण्यात आली, ती आलीही; तरी नाही. पोषणाअभावी स्कर्व्ही पसरली, तरी नाही. सेनापतीने याचा दोष पुढे हिंदी शिपायांच्या हट्टाला दिला. परंतु शिपायांनी जी अडचण सांगितल्याचे नोंदलेले आहे ती निव्वळ धर्माची नव्हती. गावी परतल्यावर लोक आम्हांला वाळीत टाकतील, आमच्या घरात मुली देणार नाहीत, असे ते म्हणत होते. म्हणजे उपासमारीने मरणारा हा माणूस अजून न जन्मलेल्या मुलाच्या सोयरिकीचा विचार करत होता. वसाहतीच्या लष्करी इतिहासाला हा अडाणीपणा वाटला. कथाकाराला इथे एका अख्ख्या कादंबरीचा गाभा दिसायला हवा होता. आपल्याकडे तो कुणाला दिसला नाही.

का दिसला नाही? साक्षरतेचे कारण आहेच. मोक्षदा देवींच्या घरात पिढ्यान्पिढ्यांची लेखणी होती. कलकत्त्याच्या भद्रलोकांतले ते कुटुंब. मराठा पलटणीतला शिपाई पत्र लिहवून घेत असे आणि गावी ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतले जाई. लिहिणारा एक, सांगणारा एक, वाचणारा एक, आणि मधे चाळणारा सेन्सॉर. फ्रान्सला गेलेल्या हिंदी फौजेच्या पत्रांचे इंग्रजी उतारे सेन्सॉरने जपून ठेवले म्हणून आज त्यांचे संग्रह निघतात. त्यांतल्या सांकेतिक शब्दांवर, काळी मिरी म्हणजे आपण आणि लाल मिरची म्हणजे गोरे, यावर लेख लिहिले जातात. पण फ्रान्समध्ये मुख्यतः पंजाबी, गढवाली, गुरखे होते. मराठा पलटणींचा मोठा भार मेसोपोटेमियावर पडला. म्हणजे सेन्सॉरच्या कृपेने टिकण्याचे भाग्यही आपल्याकडच्या पत्रांना फारसे लाभले नाही.

मात्र साक्षरता हे सगळे कारण नव्हे. लेखणी ज्यांच्या हाती होती त्या मराठी मध्यमवर्गाने या घरांकडे पाहिले नाही, हे त्याहून मोठे कारण आहे. पाहिले नाही, याचे समर्थनही तयार होते. हे लोक पोटार्थी, भाडोत्री, परक्यासाठी लढलेले. स्वातंत्र्याच्या कथेत त्यांचे स्थान काय? हे समर्थन आजही परिसंवादांतून ऐकू येते, आणि तेही प्रामुख्याने अशा लोकांकडून ज्यांच्या आजोबांनी त्याच सरकारची कचेरी, कोर्ट आणि शाळा सांभाळली. कारकुनाची नोकरी ही नोकरी आणि शिपायाची नोकरी ती गद्दारी, हा न्याय मला कधी समजलेला नाही. १९१४ साली हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आणि १८९६ पासूनचा प्लेग काढलेल्या दख्खनच्या कोरडवाहू घराला ११ रुपयांची मनिऑर्डर काय वाटत असेल याची कल्पना करण्यासाठी फार प्रतिभा लागत नाही. शिवाय राष्ट्रीय पुढाऱ्यांची भूमिकाही आपण मानतो तेवढी सरळ नव्हती. गांधीजी १९१८ साली खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. हिंदी माणसाला अधिकारपद आणि देशाला स्वराज्य मिळाले पाहिजे, ही त्यांची अट होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलताना अडवले आणि ते सभा सोडून निघून गेले. तेव्हा ज्या घरांतून मुले जायची होती त्या घरांचे मत मात्र सरकारने विचारले नाही आणि पुढाऱ्यांनीही.

'भाडोत्री' हा शब्द सर्वांत लटका पडतो तो महार पलटणींच्या बाबतीत. कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची संख्या लक्षणीय होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, लढाऊ जातींच्या सिद्धान्ताच्या नावाखाली, त्यांची भरती बंद करण्यात आली. सुभेदार रामजी सकपाळ हे त्या जुन्या पिढीचे. लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी काम केले. त्यांच्या घरात पुस्तक आले ते छावणीच्या वाटेने, आणि त्यांच्या धाकट्या मुलाने पुढे काय केले हे सांगायला नको. भरती बंद झाली तेव्हा गेली ती निव्वळ नोकरी नव्हती. शाळा गेली, पेन्शन गेले आणि गावकीच्या कामांतून बाहेर पडण्याची वाटही गेली. म्हणून गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर सैनिकाने लेखणी उचलली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांना अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला महार आठवले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. परक्याच्या सैन्यात असणे ही एखाद्या समाजाची शोकांतिका असू शकते, आणि त्यातून काढून टाकले जाणे हीसुद्धा. हे अर्ज आपण समाजशास्त्राच्या वर्गात ढकलून दिले आहेत. त्यांची भाषा, त्यांतला पूर्वजांच्या सेवेचा हिशेब, आर्जव आणि अभिमान यांची त्यांतली कसरत हे सारे एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या मराठी गद्याचा भाग म्हणून वाचायला हवे. आम्ही निबंधमाला शिकवतो, अर्ज शिकवत नाही.

मग शिपायांच्या घरांचे लेखन नाहीच का? मला वाटते आहे, पण ते कागदावर फारसे नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने काशाची एक गोल तबकडी पाठवली. साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर ब्रिटानिया देवी आणि सिंह, कडेने इंग्रजीत 'हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला' अशा अर्थाची ओळ, आणि एका चौकटीत मृताचे नाव. हुद्दा नाही, सरदार असो की शिपाई, नुसते नाव, कारण मरणात सगळे सारखे अशी त्यामागची कल्पना. हिंदी घरांनाही त्या मिळाल्या. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी सांगत होती की तिच्या आजोळी अशी एक तबकडी देवघरात आहे आणि तिची टाकांबरोबर पूजा होते. घरातल्या कुणालाही त्यावरची अक्षरे वाचता येत नव्हती. घरचा तरुण पुरुष अकाली, घराबाहेर, बिनसंस्काराचा मेला, म्हणजे तो वीर झाला. वीराचा टाक करावा लागतो. आणि टाक तर सरकारनेच करून पाठवला होता. सिंह काय, देवी काय, सगळे जुळतच होते.

साम्राज्याने पाठवलेल्या मजकुराचे याहून समर्थ भाषांतर मी पाहिलेले नाही. 'स्वातंत्र्यासाठी' हा शब्द पारतंत्र्यातल्या घरी पाठवण्यातला उपहास त्या घराला कळला नाही, हे खरे. पण त्या घराने त्या तबकडीवर साम्राज्याचा अर्थ चालूच दिला नाही. ब्रिटानियाला हळदकुंकू लागले आणि ती तिथली झाली. संहिता, वाचक, अर्थनिर्णयन या विषयांवर आम्ही वर्षाला तीसेक व्याख्याने देतो. त्यांपैकी एक या तबकडीवर द्यायला हरकत नसावी.

याच्या शेजारी आता बसऱ्याचे स्मारक ठेवून पाहा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे हे स्मारक. गोऱ्यांमध्ये साध्या शिपायाचेही नाव त्यावर कोरलेले. हिंदी फौजेपैकी मात्र नावे फक्त अधिकाऱ्यांची. बाकीच्यांसाठी पलटणीचे नाव आणि पुढे आकडा, अमुक इतके हिंदी सैनिक. तबकडी पाठवताना ज्या सरकारला प्रत्येकाचे नाव ठाऊक होते त्याच सरकारच्या यंत्रणेला दगडावर ते कोरावेसे वाटले नाही. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. त्यात ही विषमता मान्य करण्यात आली आहे. किमान एक लाख सोळा हजार मृतांचे नावाने स्मरण झालेच नाही किंवा अजिबात स्मरण झाले नाही, असे तो अहवाल म्हणतो, आणि त्यामागे त्या काळचे वंशभेदाचे पूर्वग्रह होते असेही. नाव कोरलेली तबकडी साताऱ्याकडच्या देवघरात आणि आकडा कोरलेला दगड बसऱ्याबाहेरच्या वाळवंटात (सद्दामच्या हुकुमाने १९९७ मध्ये ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवले आहे). दोन्हींमधले अंतर मोजणारा मराठी लेखक अद्याप झालेला नाही.

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्याची नोंद करणारे स्मारक गावात आहे. दर काही महिन्यांनी एखादे वर्तमानपत्र वा वाहिनी तिथे जाते आणि घराघरांतून सैनिक देणारे गाव म्हणून कौतुकाची बातमी करते. कौतुकात खोटे काही नाही. गावाला अभिमान आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. पण बातमीत एक वाक्य कधीच नसते. एका गावात ४६ मृत्यू म्हणजे किती घरांत एकाच वेळी बांगड्या फुटल्या? त्या बायकांचे पुढे काय झाले? पेन्शनसाठी कचेरीच्या किती खेपा झाल्या, ते दिराच्या हाती पडले की सासऱ्याच्या? १९१८ च्या उन्हाळ्यानंतर, मुंबई बंदरातून आत शिरलेल्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात कहर केला. देशभरात सव्वा कोटी किंवा त्याहूनही अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. बसऱ्याहून जिवंत परतलेल्या कितीतरी शिपायांना घर रिकामे सापडले असेल. युद्धावर गेलेला वाचला आणि घरी राहिलेली गेली, हा उलटा प्रकार कुठल्याही वीरकथेत बसत नाही, म्हणून तो सांगितला गेला नाही. यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचे स्मारक आहे. त्या लढाईच्या वर्णनात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने तुटून पडलेला बावीस वर्षांचा नाईक दिसतो. त्या दिवशी रायगड जिल्ह्यातल्या त्याच्या घरी, आषाढाच्या पावसात, काय चालले होते हे लिहायला कुणी मोक्षदा देवी नव्हती.

हिंदीत गुलेरींनी १९१५ सालीच 'उसने कहा था' लिहिली. तिच्यात लहनासिंह फ्रान्सच्या खंदकात मरतो खरा, पण कथेची किल्ली आहे नवरा आणि मुलगा दोघांनाही युद्धावर धाडणाऱ्या सुभेदारणीच्या हाती. मुल्कराज आनंदांनी १९४० मध्ये पंजाबी शेतकऱ्याच्या पोराला फ्रान्सच्या चिखलात नेणारी इंग्रजी कादंबरी लिहिली. आनंदांचे वडील पलटणीतले होते. म्हणजे घर आणि पलटण यांच्यामधली वाट ज्यांना ठाऊक होती त्यांनीच हे केले. मराठीत ती वाट ठाऊक असलेली मुले आज महाविद्यालयांत आमच्यासमोर बसलेली आहेत. खटाव, कोरेगाव, पाटण, चिपळूण, खेड इथली मुले. त्यांना आम्ही पहिल्या महायुद्धाचा वाङ्मयावर झालेला परिणाम शिकवतो तो एलियटच्या संदर्भाने आणि मर्ढेकरांपर्यंत येऊन थांबतो. मर्ढेकर शिकवावेत, एलियटही शिकवावा. पण ज्याच्या खापरपणजोबांचा आकडा बसऱ्याच्या दगडावर आहे त्या मुलाने महायुद्ध ही युरोपातून आयात झालेली संवेदना म्हणून पाठ करावी, यात काहीतरी फार चुकते आहे.

यावर एका सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. तबकड्या, अर्ज, पेन्शनची कागदे हे दस्तऐवज आहेत, त्यांना साहित्य म्हटले तर साहित्याची व्याख्याच सैल होईल, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप खोटा नाही. प्रत्येक जुना कागद साहित्य नसतो, हे मीही मानतो. पण विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' हाही मुळात यजमानांच्या सूचनेवरून मोडीत लिहून काढलेला एका भिक्षुकाचा वृत्तान्तच होता. वैद्यांनी १९०७ मध्ये तो छापला आणि हळूहळू आपण त्याला वाङ्मय मानायला शिकलो. कुणीतरी आधी छापावे लागते, कुणीतरी वर्गात वाचावे लागते. शिपायाच्या घरचा मजकूर त्या पहिल्या पायरीपर्यंतही पोचलेला नाही, आणि त्याची व्याख्येवरून अडवणूक इतक्या लवकर व्हावी याचे मला नवल वाटते.

युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर हिंदी शिपायांची नोंदवहीतली नावे आता पाहता येतात. कित्येक नावांपुढे बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा तपशील आहे. सगळे रोमन लिपीत, कुणा कारकुनाने कानाला जसे वाटले तसे लिहिलेले. डोळ्यांनी वाचताना गाव ओळखू येत नाही. मोठ्याने, जरा गावाकडच्या हेलात उच्चारले की ओळखू येते. गेल्या वर्षीपासून एम.ए.च्या काही विद्यार्थ्यांनी अंतर्गत मूल्यमापनाचा प्रकल्प म्हणून ही नावे देवनागरीत आणायला घेतली आहेत. एक जण रोमन अक्षरे वाचतो, दुसरी दोन-तीनदा उच्चारून पाहते, तिसरा तालुक्याच्या गावांच्या यादीत शोधतो. अडले की घरी फोन लावतात. तिकडून कुणीतरी आजी म्हणते, ते वरच्या अंगाचं गाव, आता धरणात गेलं. कोरेगाव आणि खटाव तालुक्यांची यादी बरीचशी झाली आहे. पाटण आणि जावळी अजून व्हायचे आहेत.